घर पाडण्याआधी ते मोजून घ्या

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. विलेपार्ले पूर्वेला आमचं जुनं घर आहे, तळमजला आणि वर एक मजला. आजोबा फोर्टात एका कचेरीत कारकून होते, त्यांनी ते १९३६ च्या सुमारास बांधलं असं घरात सांगतात. खाली एक भाडेकरू कुटुंब आहे, वर आई आणि दोन्ही भाऊ. मी लग्नानंतर ठाण्याला. बाबा मागच्या वर्षी गेले. गल्लीतले बाकीचे बंगले पडून तिथे इमारती आल्या, आणि आता आमच्याकडेही बिल्डर येऊन गेला. मी विरोधात नाही. कौलं गळतात, आईला जिना चढवत नाही. पण घर जाण्याआधी त्याची आणि गल्लीची नीट नोंद करून ठेवावी असं फार वाटतं. मोठा दादा म्हणतो, आधी कागद होऊ देत, मग तुझं भावनेचं काम कर. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दादांना सांगा की हे काम कागद झाल्यावर होणार नाही, कारण हे बरंचसं कागदांचंच काम आहे. घराचा इतिहास ज्या दप्तरांतून निघतो, त्याच दप्तरांवर तुमचा करार उभा राहणार आहे. उपनगरातली जुनी घरं मोजण्यात आणि त्यांचे नकाशे काढण्यात माझं कामाचं आयुष्य गेलं. ज्या कुटुंबांनी आधी घर समजून घेतलं, त्यांनी सह्याही शुद्धीवर राहून केल्या, हे मी पाहिलेलं आहे.

पहिला कागद खरेदीखत. आजोबांनी जमीन कोणाकडून घेतली, कधी, किती वार. पेटीत नसेल तर उपनगर जिल्ह्याच्या दुय्यम निबंधकांकडे जुन्या सूचींमधून शोध घ्यावा लागेल. त्यासाठी शोध घेणारे वकील असतात, त्यांना सर्च म्हटलं की कळतं. दस्त मोडी लिपीत किंवा गुजरातीत निघाला तर घाबरू नका, मोडी वाचणारी माणसं मुंबईत आजही मिळतात. आणि तो हाती आला की आधी चतुःसीमा वाचा. पूर्वेला कोणाची वाडी, दक्षिणेला कोणाची विहीर, पश्चिमेला किती फुटांचा रस्ता. तुमच्या गल्लीचं सगळ्यात जुनं वर्णन तुम्हाला तिथेच मिळेल, आणि ज्यांची नावं आज कोणाला आठवत नाहीत असे शेजारीही.

दुसरा कागद मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. ते आता महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचं मिळतं. पण तुम्ही नगर भूमापन कार्यालयातून जुने फेरफार आणि मोजणीचा नकाशाही मागवा. पार्ल्यात एक गोष्ट लक्षात ठेवायची. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले असा मोठा पट्टा आखला गेला. वेड्यावाकड्या शेतजमिनी एकत्र करून, रस्ते सोडून, चौकोनी प्लॉट पाडून मालकांना परत दिले. म्हणून तुमच्या जागेला सिटी सर्व्हे नंबर असेल तसा फायनल प्लॉट नंबरही असू शकतो, आणि खरेदीखतातला नंबर या दोन्हींहून तिसराच असू शकतो. तिन्ही नंबर एका कागदावर लिहून त्यांची साखळी जुळवा. क्षेत्रफळही तपासा. जुना दस्त वारांत असतो, कार्ड चौरस मीटरमध्ये. वाराला ०.८३६ ने गुणलं की चौरस मीटर येतात. पाचशे पन्नास वार म्हणजे साधारण ४६० चौरस मीटर. आकडे जुळले नाहीत तर जागा कुठे गेली ते शोधायचं. बहुतेकदा ती रस्तारुंदीत किंवा योजनेत गेलेली असते, कधी शेजारच्या कुंपणात. हे बिल्डरच्या माणसाकडून कळण्यापेक्षा आधी तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

तिसरा कागद बांधकामाच्या परवानगीचा, आणि इथे माणसं हटकून चुकीच्या दारात जातात. १९३६ साली पार्लं मुंबई महापालिकेत नव्हतंच. पार्ले-अंधेरीची वेगळी नगरपालिका होती. १९५० मध्ये उपनगरं जोगेश्वरी-भांडुपपर्यंत बृहन्मुंबईत आली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. त्यामुळे तुमच्या घराचा मूळ नकाशा वॉर्ड ऑफिसात मिळाला नाही म्हणून घर बेकायदा आहे असा अर्थ कोणी काढू लागला, तर त्याला हा इतिहास सांगा. नकाशा नसला तरी जुनी घरपट्टीची बिलं जपा. घर अमुक साली उभं होतं, त्यावर अमुक खोल्यांचा कर लागत होता, याचा तो पुरावा असतो.

घराचं साल पक्कं करायला आजूबाजूच्या तारखाही मदत करतात. चर्चगेटकडून बोरिवलीपर्यंतची गाडी १९२८ मध्ये विजेवर धावू लागली. उपनगरांना वीज देणारी बॉम्बे सबर्बन कंपनी १९२९ ची. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चं, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. फोर्टातल्या कारकुनाने गिरगावातली दोन खोल्यांची भाड्याची जागा सोडून पार्ल्यात प्लॉट घ्यावा असं तेव्हाच का वाटलं, याचं उत्तर या चार तारखांत आहे. गाडी वेळेवर नेणारी, घरात दिवा, मुलांना मराठी शाळा, संध्याकाळी वाचनालय. घरातली वायरिंग लाकडी पट्टीवरून गेलेली असेल तर ती नीट पाहा. नंतर ठोकलेली असेल तर घर विजेच्या आधीचं. बांधतानाच भिंतीत तिच्यासाठी सोय ठेवलेली दिसली तर नंतरचं.

आता वाटणीबद्दल. तुम्ही विचारलं नाहीत, पण मी लिहिल्याशिवाय राहणार नाही. आजोबा कोणत्या तारखेला वारले ते शोधा. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. त्याआधी गेले की नंतर, यावर वारसांचा सगळा हिशेब फिरतो. आजोबांना इतर मुलं असतील तर त्यांच्या शाखाही पाहाव्या लागतील. समजा घर पूर्णपणे बाबांचं झालेलं होतं आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नाही, तर आई, दोन भाऊ आणि तुम्ही असे चार समान वाटे होतात. लग्न झालं म्हणून तुमचा वाटा कमी होत नाही. प्रॉपर्टी कार्डावर फक्त भावांची नावं चढली तरीही नाही, कारण त्या नोंदीने मालकी ठरत नसते. ‘सोयीसाठी’ म्हणून हक्कसोडपत्र पुढे आलं तर ते घरी आणा, तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवा, मग ठरवा. सोडायचं तर मनापासून सोडा, पण काय सोडतो आहोत ते वाचून.

खालच्या भाडेकरूंना या नोंदीत घ्याच. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि तेव्हापासून मालक-भाडेकरू यांच्यात अढी धरली गेली, हे उपनगरात घरोघर आहे. पण तुमच्या घराचा अर्धा संसार त्यांनी केलेला आहे. खालच्या पडवीत कोणाची बारशी झाली, कोणती भिंत कधी काढली, हे वरच्या मजल्याला ठाऊक नसतं. शिवाय पुनर्विकासात त्यांचेही हक्क आहेत. त्यांच्याशी पहिली भेट वहीतल्या प्रश्नांनी झाली तर दुसरी भेट कराराची सोपी जाते.

मग घर मोजायला घ्या. हा माझ्या आवडीचा भाग, म्हणून जरा सविस्तर सांगते. तीस मीटरची टेप, आलेखाची वही, पेन्सिल आणि तीन माणसं पुरतात. दोघांनी टेप धरायची, एकाने लिहायचं. लिहिणाऱ्याने टेपला हात लावायचा नाही, नाहीतर आकडे चुकतात. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी घ्या, आणि दोन्ही कर्णही घ्या, कारण जुनी खोली दिसते चौकोनी पण असतेच असं नाही. भिंतीची जाडी दरवाजाच्या चौकटीत मोजा. खाली दीड विटेची भिंत आणि वर एका विटेची असेल, तर वरचा मजला आधीपासून मनात होता असं समजायला जागा आहे. दोन्हीकडे जाडी सारखीच असेल तर तो मागाहून चढवलेला असू शकतो, विचारून पाहा. कोनाडे, फडताळं, देवघराची उंची, मोरीचा उतार, जिन्याच्या प्रत्येक पायरीची उंची, सगळं लिहा. पायऱ्या कुठे झिजल्या आहेत तेही लिहा.

कौलं उतरवाल तेव्हा त्यांची पाठ वाचा. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर तिथे अनेक निघाले, आणि कौलावर कारखान्याचं नाव-गाव उठवलेलं असतं. एकाच छपरावर तीन कारखान्यांची कौलं सापडली तर छप्पर तीनदा डागडुजीला आलं असेल. लाद्यांची पाठ, विटांवरचे छाप, गच्चीखालच्या लोखंडी गर्डरवरची अक्षरं, सगळ्यांचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. सागवानी तुळया, दारं, गज, कौलं हा पाडकामाचा माल. करारात काही लिहिलेलं नसेल तर तो पाडकाम करणाऱ्याचा होतो. तुम्हाला काय हवं त्याची यादी करारालाच जोडा.

गल्लीसाठी मात्र ‘पूर्वी कसं होतं हो?’ असं विचारू नका. त्याला ‘छान होतं’ एवढंच उत्तर मिळतं. कागदावर गल्लीचा आडवा नकाशा काढा, आज आहेत त्या इमारती रिकाम्या चौकोनांनी दाखवा आणि गल्लीतल्या सगळ्यात जुन्या बाईंसमोर ठेवा. या चौकोनात कोण राहायचं? त्यांच्या दारात झाड कसलं? दूधवाला कोणत्या बाजूने यायचा? गणपतीचा मांडव कोणाच्या आवारात? बिस्किटांच्या कारखान्याचा वास तुमच्या कोणत्या खिडकीतून यायचा? (तो कारखाना १९२९ चा, २०१६ मध्ये बंद झाला. तिशीपुढच्या कोणालाही विचारलंत तर तो वास त्यांनाही आठवेल.) विमानं कधीपासून इतकी वाढली की बोलणं थांबवावं लागे? १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पार्ल्यात होती. घरातलं कोणी तिथे गेलं होतं का, जेवणाचा डबा तरी पोचवला होता का? असं विचारलंत की माणसं बोलू लागतात. आवाज फोनवर टिपा, पण परवानगी घेऊन. सार्वजनिक उत्सवांच्या जुन्या स्मरणिका मिळाल्या तर सोडू नका, त्यांतल्या जाहिरातींमध्ये कोपऱ्यावरचा वाणी, पिठाची गिरणी, लाँड्री पत्त्यासकट सापडतात.

बिल्डरशी बोलताना तीन गोष्टी विचाराच. एक, उंची. पार्लं विमानतळाच्या फनेलजवळ, म्हणजे विमानं चढण्या-उतरण्याच्या वाटेजवळ आहे आणि विमानतळ प्राधिकरणाची ना हरकत समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये मिळते. तोंडी सांगितलेले मजले त्या कागदाशी ताडून पाहा. दोन, रस्ता. चटईक्षेत्र (एफएसआय) किती वापरता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतं, म्हणून मोठ्या रस्त्यावरच्या सोसायटीला जे मिळालं ते गल्लीत मिळेलच असं नाही. तीन, महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण. भूखंड ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक नसते. तुमचं घर या मर्यादेत बसण्याची शक्यता आहे. मग मुदत, पर्यायी जागेचं भाडं, बँक हमी ही संरक्षणं कराराच्या शब्दांतच असली पाहिजेत, कारण बाहेर कुठे ती असणार नाहीत.

मागच्या अंगणात झाड असेल तर त्याचंही वय काढा. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला. पन्नास वर्षांपुढचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि झाड तोडायची परवानगी मिळालीच तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. आजोबांनी फणस लावला असेल तर त्याचं वय तुम्हाला ठाऊक आहे. ते लेखी द्या. इमारत थोडी सरकवून झाड राखता येतं, मी तसे नकाशे केले आहेत. पण हे पहिल्या बैठकीत सांगावं लागतं, पायलिंगची मशीन दारात आल्यावर नाही.

आणि हे सगळं करताना आईंना वेळ द्या. त्यांना जिना चढवत नाही म्हणता, तर त्यांची खुर्ची खालच्या पडवीत ठेवा आणि मोजमापाची वही त्यांच्या शेजारी बसून भरा.

प्रश्न : बोरिवलीला आमच्या घराच्या आवारात विहीर आहे. पाणी कोणी पीत नाही. डासांवरून पालिकेची नोटीस आली. धाकटा भाऊ म्हणतो बुजवून टाकू आणि तिथे गाडी लावू. बुजवावी का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : बुजवू नका. नोटीस मात्र गंभीरपणे घ्या. मुंबईत विहिरी आणि मलेरिया यांचं नातं जुनं आहे. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी शहराच्या मलेरियाचा अहवाल दिला तेव्हा अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी हा डास घरगुती विहिरींत वाढतो हे पुढे आलं. त्यानंतर शहरातल्या कितीतरी विहिरींवर घट्ट झाकणं बसली आणि बऱ्याच बुजल्याही. म्हणजे तुमच्या भावाचं म्हणणं निराधार नाही, फक्त उपाय टोकाचा आहे.

करायचं असं. पावसाळ्याआधी उपसा करून गाळ काढा. तोंडावर बारीक जाळीचं, कुलूप लावता येईल असं झाकण बसवा. कठड्याच्या भेगा सिमेंटने बंद करा. पाण्यात गप्पी मासे सोडा, ते पालिकेच्या कीटकनाशक विभागाकडे विचारा. केलेल्या कामाचे फोटो जोडून नोटिशीला लेखी उत्तर द्या. विहिरीत माणूस उतरवताना आत हवा चांगली आहे याची खात्री केल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नका. बंद विहिरीत जीव गेलेले आहेत.

आणि छपराचं पाणी तिच्यात सोडा. आपल्याकडे वर्षाला सुमारे २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर छप्पर असेल तर ते वरवर दोन लाख लिटरच्या पुढे जातं. सगळं हाती लागत नाही, पण निम्मं जरी मुरलं तरी मे महिन्यात झाडं, फरशी आणि संडास यांना टँकर लागणार नाही. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायचं, मग रेती-खडीच्या गाळणीतून आत घ्यायचं. पिण्यासाठी वापरायचं मनात आलं तर आधी प्रयोगशाळेत तपासणी. गाडी कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला लागेल.

प्रश्न : मुलुंडचं आमचं घर पुनर्विकासात जातंय. घराला आजीचं नाव आहे, दारावर दगडी पाटी आहे. नव्या इमारतीला तेच नाव राहील का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपोआप राहणार नाही. बिल्डर जाहिरातीसाठी आपल्या पसंतीचं नाव लावतो, आणि पुढे संस्था नोंदवताना तेच अर्जात जातं. म्हणून विकास करारात स्वतंत्र कलम घाला : इमारतीचं नाव हेच राहील, सहकारी संस्था नोंदवताना उपनिबंधकांकडे याच नावाचा अर्ज होईल, आणि पाटी प्रवेशद्वारापाशी बसवली जाईल. तेच नाव आधी कोणी घेतलेलं असेल तर जोडीला काय लावायचं तेही आत्ताच ठरवून लिहा. पाटी पाडकामाच्या दिवशी काढायला जाऊ नका. भिंतीत पक्की बसवलेला दगड घाईत उचकटला की कोपऱ्यातून तुटतो. घर रिकामं होण्याच्या महिनाभर आधी पाथरवट बोलवा, चारही बाजूंचा गिलावा छिन्नीने मोकळा करून ती सोडवून घ्या आणि इमारत उभी राहीपर्यंत घरच्याच कोणाकडे ठेवा, बिल्डरच्या गोदामात नको.